खुडूक

आमच्या आजीच्या कोंबड्यांना नावं नसत. तांबडी, काळी, लंगडी, पायाला पिसं असलेली, असे ओळखण्यापुरते शब्द होते. गाईला नाव असे, कुत्र्याला असे, कोंबडीला मात्र नाही. जिला कधी ना कधी सुरीखाली जायचंय तिला हाका मारायची सवय लावून घेऊ नये, असा आजीचा हिशोब असावा. फक्त एखादी कोंबडी खुडूक झाली, की तेवढे दिवस तिचा मान बाळंतिणीसारखा. तेव्हा तिला 'खुडूक' म्हणायचं. म्हणजे तेही नाव नव्हेच, हुद्दा.

खुडूक कोंबडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती अंडी घालायची थांबते, अंग फुगवून कोपरा धरते, घशातल्या घशात कुरकुरत राहते आणि जवळ जाणाऱ्याला टोचते. पोटाखाली अंडं आहे की नाही याच्याशी तिला घेणं नसतं. रिकाम्या टोपलीतसुद्धा बसून राहील. आजी टोपलीत भाताचा पेंढा घालून त्यावर तेरा अंडी ठेवायची, आणि पावसाळा असेल तर गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा. ही अंडी खुडूकची स्वतःची असतीलच असं नाही. तांबडीची चार, काळीची पाच, शेजारच्या घरून मागून आणलेली दोन. एका वर्षी तर बदकाची पाच अंडी तिच्याखाली सरकवली होती. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत. तो जादा आठवडाही ती बसली. पुढे तिची पिल्लं घरामागच्या पऱ्यात उतरली आणि ती काठावर पंख आपटत ओरडत राहिली, तेव्हा आजी पदरात तोंड लपवून हसत होती. मला मात्र रडू आलं होतं.

सातव्या रात्री आजी बॅटरी घेऊन बसायची. मुठीत अंडं धरून मागून उजेड टाकला की आत तांबड्या रेघांचं जाळं दिसे आणि मध्ये एक काळा ठिपका. 'ह्यात हाय,' असं म्हणून ते परत टोपलीत. जे नुसतंच पिवळं उजळे ते बाजूला. पुढे बीएस्सीला मायक्रोस्कोपखाली कोंबडीच्या गर्भाच्या काचपट्ट्या बघताना बाईंनी विचारलं, 'आधी कधी पाहिलंय का कुणी?' मी हात वर केला होता.

अंडं ही वस्तू इतकी ओळखीची आहे, की आपण तिच्याकडे नीट बघतच नाही. आमच्या सासूबाई अंडं फोडल्यावर त्यातली पांढरी पीळदार दोरी चमच्यानं काढून टाकतात. त्यांच्या मते तो 'जीव' असतो. खरं तर ती दोरी बलकाला मधोमध तोलून धरते, गर्भाशी तिचा काही संबंध नाही. तसं काही असलंच तर बलकावरचा तीन-चार मिलिमीटरचा फिकट ठिपका बघावा. सगळी कोंबडी व्हायची ती तिथून, बाकीचा बलक शिदोरी. बलक म्हणजे मुळात एकच पेशी, हे मी सासूबाईंना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी दोरी काढली आणि ऑम्लेट केलं.

दुकानातल्या अंड्यात हा ठिपका कायम ठिपकाच राहतो, कारण त्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो. आणि खुडूक? तीही नसते. आजीची कोंबडी बारा-पंधरा अंडी घालायची नि बसायची. बसली की महिना-दोन महिने अंडं नाही. पोल्ट्रीवाल्याला हे परवडत नाही. मूळच्या इटलीकडच्या लेगहॉर्न कोंबड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्या निवडत गेल्या आणि वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारी जात तयार झाली. आता उबवायला मशीन आहे, त्याचं तापमान ठरलेलं, अंडी फिरवायलाही मोटर. खुडूक कोंबडी दिवसातून कितीदा तरी चोचीनं अंडी उलटीपालटी करायची, ती उगाच नाही हे मला कॉलेजात कळलं. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतला गर्भ पापुद्र्याला चिकटतो. एका बाजूला कोंबडीचं हे शहाणपण, दुसऱ्या बाजूला ते काढून टाकणारं माणसाचं शहाणपण. दुसऱ्यामुळे माझ्या मुलाच्या डब्यात रोज अंडं असतं, तेव्हा मी फार तोंड वर करून बोलत नाही.

एक गोष्ट मात्र आजीला सांगायची राहून गेली. कोंबडीच्या जातीत नर की मादी हे आईच्या अंड्यावर ठरतं, बापाचं त्यात काही चालत नाही. माणसात नेमकं उलटं. आमच्या वाडीत पाठोपाठ चौथी मुलगी झाली म्हणून जिला माहेरी धाडलं होतं, ती बाई कोंबडी असती तर त्या बोलण्याला निदान शास्त्राचा तरी आधार मिळाला असता.

फेब्रुवारी १९९७. माझी दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि पेपरात एका मेंढीचा फोटो. डॉली. जन्मली होती ती आदल्या वर्षी, ५ जुलै १९९६ ला, स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये, पण बातमी आता फुटली होती. मी फोटो आजीला दाखवला आणि जमेल तसं समजावलं, की ही बापाशिवाय झाली आणि एका दुसऱ्या मेंढीची हुबेहूब प्रत आहे. आजीनं चष्मा पुसून फोटो बघितला नि विचारलं, 'मग हिची आई कोण?'

तेव्हा मी 'तीच, जिची प्रत आहे ती' असं ठोकून दिलं. उत्तर चूक होतं, हे कळायला मला चार-पाच वर्षं लागली.

डॉलीच्या मागे तीन मेंढ्या होत्या. फिन डॉर्सेट जातीच्या सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतली पेशी घेतली होती. डॉली जन्मण्याच्या आधीच ती मेंढी मेलेली होती, तिच्या पेशी तेवढ्या गोठवून ठेवल्या होत्या. दुसरी मेंढी काळ्या तोंडाची, स्कॉटिश ब्लॅकफेस. तिचं अंडं घेऊन त्यातलं केंद्रक काढून टाकलं आणि त्या रिकाम्या अंड्याशी कासेतल्या पेशीचा विजेच्या झटक्यानं मिलाफ केला. तिसरीही ब्लॅकफेसच, तिच्या पोटात गर्भ वाढला. काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटून पांढऱ्या तोंडाचं कोकरू आलं, तेव्हाच प्रयोग साधला हे डोळ्यांना दिसलं. अशा २७७ जोडण्या केल्या होत्या. त्यांतून २९ गर्भ पुढे गेले, ते १३ मेंढ्यांत रोवले आणि कोकरू जन्मलं एक. तेरा अंड्यांतून नऊ पिल्लं काढणारी आमची खुडूक या हिशोबात फारच पुढे.

जगभर चर्चा झाली ती फिन डॉर्सेटच्या पेशीची. प्रत कुणाची, माणसाची काढता येईल का, हुकूमशहांची फौज उभी राहील का, वगैरे. ब्लॅकफेसचं अंडं म्हणजे जणू रिकामी वाटी, असंच सगळे बोलत होते. पण नवलाची गोष्ट त्या वाटीतच होती. कासेतल्या पेशीला आपण कासेतले आहोत एवढंच ठाऊक. दुधाच्या कामाची जनुकं उघडी, बाकीच्या हजारोंवर कुलपं. अंड्यातल्या द्रवानं त्या म्हाताऱ्या केंद्रकाची कुलपं उघडली, त्याला पहिल्या दिवसावर नेऊन बसवलं, आणि त्यातून डोळे, खूर, लोकर, सगळं नव्यानं झालं. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकावर हेच दाखवलं होतं. टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक बेडकीच्या अंड्यात घातलं आणि त्यातून धडधाकट टॅडपोल झाला. त्यासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं, शिन्या यामानाका यांच्याबरोबर. मधली पन्नास वर्षं अंड्याच्या पोटात नेमकं काय घडतं ते शोधण्यात गेली, आणि ते अजून पुरतं सापडलेलं नाही.

शिवाय डॉली पुरती फिन डॉर्सेट नव्हतीच. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची स्वतःची थोडी जनुकं असतात, ३७, आणि ती अंड्याकडून येतात. डॉलीच्या अंगातली ही जनुकं तपासली तेव्हा ती त्या काळ्या तोंडाच्या मेंढीची निघाली. आजीच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा छापून आलं. आजी ते ऐकायला नव्हती.

आपल्याकडे हे काम हरयाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत झालं, म्हशींवर. महागडी यंत्रं टाळून, बारीक पात्यानं हातानंच अंड्याचा केंद्रक असलेला तुकडा कापून टाकायचा, अशी तिथली पद्धत. ६ फेब्रुवारी २००९ ला समरूपा जन्मली आणि आठवडाही जगली नाही. जूनमध्ये गरिमा. मग २०१० मध्ये दुसरी गरिमा, आणि तिला २०१३ मध्ये पारडू झालं, महिमा. १६ मार्च २०२३ ला गीर जातीची कालवड गंगा जन्मली. किती छान नावं आहेत बघा. म्हशींच्या प्रयोगातली अंडी मात्र कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून काढलेली असायची. कुठली तरी, कुणाच्या तरी गोठ्यातून निघालेली, दूध आटलं म्हणून विकलेली म्हैस. तिच्या पोटातल्या अंड्यानं गरिमाला 'गरिमा' केलं. तिचा टॅग नंबरही कुणी लिहून ठेवला नसेल.

मी कोकणातली, त्यामुळे क्लोनिंग या शब्दाचा मला बाऊ वाटू नये खरं तर. 'क्लोन' हा शब्द १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर या वनस्पतिशास्त्रज्ञानं चालवला, ग्रीक भाषेतल्या डहाळीवरून. डहाळी तोडून लावायची आणि तेच झाड पुन्हा मिळवायचं. आमच्याकडे याला कलम म्हणतात, आणि त्याच्या जोरावर आमचा अख्खा जिल्हा चालतो. हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही. कोयीत बापाचा वाटा असतो, आणि परागकण कुठल्या झाडावरून आले हे माशीलाच माहीत. म्हणून पोर्तुगीजांच्या काळापासून डहाळ्या बांधत बांधत हापूस टिकवला. आज रत्नागिरी-देवगडच्या बागांत उभी असलेली लाखो झाडं मुळात एकाच झाडाच्या पांगलेल्या फांद्या म्हणायच्या.

पूर्वी भेटकलम बांधत, आता जास्त करून दापोलीच्या कृषी विद्यापीठानं रुळवलेलं कोयकलम. पावसाच्या तोंडावर रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. कोंब वर आला, पानं अजून तांबूस आहेत, तोवरच त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायची. काडी हापूस, खुंट रायवळ. मुळं रायवळ, पाणी खेचणार रायवळ, कातळात वाट काढणार रायवळ, वादळात झाड उभं ठेवणार रायवळ. फळ हापूसचं. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पेट्यांवर त्याचं चिन्ह असतं. खुंटाला कसलं मानांकन! खुंटाला खालून फुटवा आला तर आधी कोयता.

आमच्या बाबांनी १९८८ मध्ये एका रोपवाटिकेतून सहा कलमं आणली होती. पाच वेळेवर लागली. सहावं बारा वर्षं झाली तरी मोहोरेना, नुसतंच उंच गेलं. तेराव्या वर्षी फळ धरलं ते मुठीत मावेल एवढं, धाग्याधाग्यांचं, गोटीसारखं गोल. बिटकी. कलमाची काडी केव्हाच मेली होती आणि आम्ही तेरा वर्षं खुंटाला हापूस समजून शेणखत घालत होतो. बाबा चिडले. रोपवाटिकेवर जाऊन भांडायचं म्हणत होते, पण तेरा वर्षांनी काय भांडणार? आईनं त्या बिटक्यांचं रायतं केलं. रायतं असं होतं की मोठ्या काकांनी पुढच्या वर्षी आधीच निरोप धाडला, 'त्या फसलेल्या झाडाचे आंबे ठेवा.' तेव्हापासून त्या झाडाचं नाव 'फसलेला'. आमच्या बागेत नाव असलेलं झाड ते एकच.

हापूसचा एक दोष सगळे जाणतात, साका. वरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, आंबट, भुसभुशीत गर. बंगळूरच्या संशोधकांनी याचं मूळ कोयीत शोधलं. फळ पिकून पडायच्या आधीच आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गरातलं हवं ते ओढून घेते. हे वाचल्यापासून साका लागलेला आंबा मला वेगळाच दिसतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या काड्या बांधून कोयीला कामावरून काढलं, फळ तेवढं आपलं म्हणून ठेवलं. कोयीला ते कुणी कळवलेलं नाही. चारशे रुपये डझनाचा आंबा नासतो तेव्हा माझीही चिडचिड होते, तो भाग वेगळा.

आता जे लिहिते ते एका मैत्रिणीला विचारून लिहिते. तिला मूल होत नव्हतं. चार वर्षं पुण्यात दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, शेवटी डॉक्टर म्हणाले, अंडं दुसऱ्या बाईचं घ्यावं लागेल. ती बाई कोण ते कळत नाही. उंची, रक्तगट, वर्ण, एवढंच कागदावर. आता तर २०२१ चा कायदाच आहे. अंडी देणारी बाई २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच देता येतात आणि सातच्या वर काढायची नाहीत. नाव गुप्त. माझ्या मैत्रिणीला मुलगी झाली, आता ती सात वर्षांची आहे. एका मावशीनं आपल्याला बी दिलं होतं, हे तिला गोष्ट म्हणून माहीत आहे.

मुलगी दोनेक वर्षांची असताना आम्ही दोघी गप्पा मारत होतो आणि मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं. मुलीची सगळी अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. जन्मताना दहा-वीस लाख असतात, पुढे गळत गळत आयुष्यभरात चारएकशे कामी येतात. म्हणजे ज्या अंड्यातून मी झाले ते माझी आई आजीच्या पोटात होती तेव्हाचं. म्हणजे मीही थोडी आजीच्या पोटात होते! हे वाक्य मी कितीतरी जणींना ऐकवलंय, सगळ्यांचे डोळे भरून येतात. ती गप्प झाली. मग म्हणाली, 'माझ्या पोरीची आजी कोण ग मग?'

माझी जीभ टाळ्याला चिकटली. शिकलेल्या माणसाचं अज्ञान कुठे उघडं पडेल सांगता येत नाही. काहीतरी भरून काढायचं म्हणून मी तिला खुडूकची गोष्ट सांगितली, बदकाची पिल्लं, जादा आठवडा, पऱ्याचा काठ. सांगता सांगता लक्षात आलं की हे तर आणखीच वाईट. पण ती एकदम खदखदून हसली. 'म्हणजे मी खुडूक कोंबडी? बरोबर आहे, बसले होते खरी कोपरा धरून. सासूला टोचतही होते.'

मग मी तिला जे पक्कं ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. पोटात असताना बाळाच्या काही पेशी वार ओलांडून आईच्या रक्तात उतरतात आणि पुढे कित्येक वर्षं तिच्या अंगात राहतात. अंडं कुणाचंही असो. तिच्या अंगात मुलीच्या पेशी असणार, त्या बी देणाऱ्या मावशीच्या अंगात नव्हे. ती म्हणाली, 'म्हणजे ती माझ्यात मुक्कामाला आहे.' मग कुकरची शिट्टी झाली आणि विषय वरणाकडे गेला.

गेल्या मे महिन्यात त्या दोघी आमच्या गावी आल्या होत्या. मुलीनं 'फसलेल्या'चे आंबे वाटीभर चोखले, कोपरापर्यंत रस. हापूस कापून ठेवला होता, त्याला हात लावला नाही. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, कानाला कमी ऐकू येतं, पण पोर झाडाखाली बसली की ते काठी टेकत तिथे जाऊन उभे राहायचे. तिनं त्यांना झाडाचं नाव विचारलं, ते 'फसलेला' म्हणाले, आणि मग तेरा वर्षांची सगळी गोष्ट तिला सांगावी लागली. निघताना तिनं सहा कोयी धुऊन पिशवीत घातल्या.

जूनच्या शेवटी पुण्याहून फोन आला. बाल्कनीतल्या कुंडीत चार रुजल्या होत्या. एका कोंबाची पानं जांभळट, दोघांची तांब्यासारखी, एक अजून वाकलेलाच. फोटोही पाठवले. मुलीला विचारायचं होतं की फळ कधी येईल आणि ते 'फसलेल्या'सारखंच असेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, आठ-दहा वर्षं तरी धर. दुसऱ्यासाठी फोन बाबांच्या हातात दिला. प्रश्न त्यांना तीनदा ओरडून सांगावा लागला.

'कुंडी मोठी घे म्हणावं,' बाबा म्हणाले.